करपलेला कोपरा

लतिकाताई रणनवरे आडू, म्हणजे पीच, सोलत असताना त्यांच्याशी बोलायचं नसतं. प्रत्येक फळाच्या बुडाला फुलीसारखी चीर. उकळत्या पाण्यात अगदी थोडा वेळ. लगेच गार पाण्यात. मग चिरेपाशी नख लावायचं आणि साल एका ओढीत वरपर्यंत काढायची. साल तुटली तर फळ कच्चं असतं, नाहीतर पाणी पुरतं तापलेलं नसतं. दोन्हीपैकी काय चुकलं ते त्या शोधतात आणि मगच पुढचं फळ घेतात. सालीसकट चिरलं तरी चालतं, असं माझी बायको अलका एकदा म्हणाली होती.

"चालतं ना," लतिकाताई म्हणाल्या. "चपला घालून पलंगावर झोपलं तरी झोप येतेच."

आम्ही गाझियाबादला एका सोसायटीत राहतो. आम्ही पहिल्या मजल्यावर, त्या बरोबर आमच्या डोक्यावर. आमच्या जिन्यात मराठी घरं ही दोनच. मी साहिबाबादच्या एका कारखान्यात बॉयलरचं वेल्डिंग करायचो, आता निवृत्त आहे. त्या केंद्र सरकारच्या कार्यालयात स्टेनो होत्या. नोकरीभर सरोजिनी नगरच्या क्वार्टरमध्ये राहिल्या. क्वार्टर सोडायची वेळ आली तेव्हा नवराबायकोने हा फ्लॅट घेतला. राजाभाऊ छापखान्यात होते. त्यांना फ्लॅटमध्ये यायला मिळालं, फार राहायला मिळालं नाही. मुलगा मानस बंगळूरला असतो, सून मैत्रेयी तिथेच नोकरी करते. लतिकाताई एकट्या राहतात, आणि त्यांना तसंच राहायचं आहे. सगळी गोष्ट त्याचीच आहे.

आडूचं त्या काय करतात ते आधी सांगतो. त्याला त्या कॉबलर म्हणतात. खाली साखरेत शिजलेली फळं, वर मैद्या-लोण्याचा जाड थर. हा थर ना बिस्किट, ना पाव, दोन्हींच्या मधला. त्यांची आई नगरला मिशनच्या बंगल्यात स्वयंपाकाला होती. तिथल्या अमेरिकन मॅडमने तिला हे शिकवलं. तेव्हा आडू डब्यातले असत, बोटीने आलेले. मॅडम परत गेल्या आणि डबेही थांबले. आईने आंबा घालून पाहिला, पेरू घालून पाहिला, नाव मात्र तेच ठेवलं. लतिकाताई लग्न होऊन दिल्लीला आल्या. पहिल्या उन्हाळ्यात राजाभाऊंनी पिशवीभर आडू आणले तर त्यांनी ते ओळखलेच नाहीत. फळ चिरलं तेव्हा वास आला, आणि त्या ओट्यापाशी उभ्या राहून रडल्या. डब्यातल्या त्या फोडींना एवढा वास असू शकतो हे आईला कधी कळलंच नाही, असं त्या मला म्हणाल्या होत्या.

तेव्हापासून दर जूनमध्ये कॉबलर. एका मोठ्या ट्रेमध्ये करायचा आणि सगळ्या जिन्यात वाटायचा. घरच्या ओव्हनमध्ये तो ट्रे मावत नाही. म्हणून बेकरीत न्यायचा. इकडे जुनी पद्धत आहे. पीठ, तूप, साखर आपली घेऊन जायची, बेकरीवाला बिस्किटं करून भट्टीत भाजून देतो. पाव निघाले की भट्टी जरा उतरते, तेव्हा घरोघरचे ट्रे आत जातात. आमच्या बाजारात यामीनभाईंची विटांची भट्टी आहे. त्यांच्याकडे सगळे नानकटाया घेऊन येतात. कॉबलर घेऊन येणाऱ्या फक्त लतिकाताई. यामीनभाई त्याला 'आंटीवाला हलवा' म्हणतात. हलवा नाही, असं त्या दर वर्षी सांगतात. ते दर वर्षी मान डोलावतात.

तर गेल्या दिवाळीला लतिकाताईंना ताप आला. ताप गेला आणि जाताना नाक घेऊन गेला. कशाचाच वास येईना. डॉक्टर म्हणाले, नस दुखावली आहे, वर्षभरात येईलही, कदाचित येणारही नाही. त्यांनी एक व्यायाम दिला. लवंग, लिंबू, निलगिरीचं तेल आणि गुलाबाचं अत्तर अशा चार बाटल्या. सकाळ-संध्याकाळ प्रत्येक बाटली नाकाशी धरायची आणि तो वास आठवायचा. येत नसला तरी आठवायचा.

हे काम मी पाहिलं आहे. खुर्चीत ताठ बसायच्या. डोळे मिटून एकेक बाटली. घाईत एकही उरकली नाही. फळ दिसत नसताना रोज तेच काम तितक्याच नेटाने करणं काय असतं, ते काम करणाऱ्यालाच कळतं. मी विचारायचो, "काही?" त्या म्हणायच्या, "काही नाही." आणि बाटलीचं झाकण घट्ट लावायच्या.

जानेवारीत दूध उतू गेलं. दुधाने गॅस विझला, पण बटण चालूच राहिलं. लतिकाताई शेजारच्या खोलीत पेपर वाचत होत्या, खिडक्या थंडीमुळे बंद. अलका भाजी घेऊन जिना चढत होती. तिचं नाक म्हणजे माझ्या घरचं दुसरं सरकार. ती पिशवी टाकून वर धावली, दार ठोठावलं, आत जाऊन बटण बंद केलं, खिडक्या उघडल्या. मग खाली आली आणि कोणालाही न विचारता मानसला फोन केला.

मानस घाबरला. घाबरण्यासारखंच होतं. आठवड्याच्या आत वरचा सिलिंडर गेला आणि इंडक्शनची शेगडी आली. लतिकाताईंना हे फोनचं समजलं.

"अलका, तुला कोणी सांगितलं होतं फोन करायला?"

"कोणी सांगायला कशाला हवं? उद्या काही झालं असतं तर?"

"झालं असतं तर माझं झालं असतं."

"आणि खाली आम्ही काय केलं असतं, टाळ्या वाजवल्या असत्या? तुमच्याखालीच राहतो आम्ही, ताई."

त्या दिवसापासून लतिकाताई अलकाशी हो-नाहीपुरतं बोलू लागल्या. बाकी सगळं माझ्यामार्फत. "बळवंतभाऊ, तुमच्या मिसेसना सांगा, टाकीत पाणी आलंय." मिसेस शेजारीच उभी असायची.

मार्चमध्ये दुसरं झालं. फ्रिजमधला राजमा आंबला होता. वास येत नाही म्हणजे चवही अर्धीच लागते. त्यांनी खाल्ला. ड्रिप लावावी लागली. दवाखान्यात डबा अलकाच नेत होती. लतिकाताई जेवायच्या, "हो" म्हणायच्या, "नको" म्हणायच्या. बस.

मानस आला. तेव्हा त्याने गॅसचा विषय ताणला नाही. तो म्हणाला, "आई, गॅस काढला, ठीक आहे. पण दूध खराब झालेलं कळत नाही, भाजी खराब झालेली कळत नाही, एखादी वायर जळली तर कळणार नाही. हर चीज का अलार्म नहीं आता यार. तू आमच्याकडे चल."

त्याचं चुकीचं नव्हतं. लतिकाताईंनाही ते माहीत होतं. म्हणून त्या भांडल्या नाहीत. त्यांनी मुदत मागितली.

"आडूपर्यंत थांब," त्या म्हणाल्या. "जूनमध्ये आडूचा वास आला तर मी इथेच राहणार. नाही आला तर तुझ्याबरोबर येईन. मग एक शब्द बोलणार नाही."

"प्रॉमिस?"

"मी ऑफिसात घेतलेलं डिक्टेशन कधी बदललं नाही."

ठरलं. मानसने जूनची रजा टाकली, दोघांची तिकिटं काढली. मुदत देणाऱ्याने तिकिटं आधीच काढून ठेवावीत हे मला आवडलं नाही. पण आधी काढली तरच जूनची तिकिटं मिळतात, हेही खरं.

जून उजाडला. मेट्रो स्टेशनच्या गेटापाशी आडूच्या गाड्या लागल्या. लतिकाताईंनी मला बरोबर घेतलं. आडू त्या नेहमी देठाकडून हुंगून घेतात. रंग फसवतो, असं त्यांचं म्हणणं. त्या दिवशी त्यांनी एक फळ उचललं, नाकाशी धरलं आणि बराच वेळ तशाच उभ्या राहिल्या. मग ते माझ्यापुढे केलं.

"घ्या. तुम्ही बघा."

"ताई, माझं नाक केव्हाच गेलंय. गॅल्व्हनाइजच्या पत्र्याचा धूर जन्मभर ओढलाय."

"मग तुम्ही कशाला आलात?"

"पिशवी उचलायला."

गाडीवाला आमच्याकडे पाहत होता. "सूंघिए बाऊजी, सूंघिए। शहद है।" मी हुंगलं. त्यांनी पुन्हा हुंगलं. दोघांनी एकमेकांकडे पाहिलं. "हाँ," लतिकाताई त्याला म्हणाल्या, "अच्छा है," आणि रंगावरून निवडायला लागल्या. बघून आडू घेणं म्हणजे फोटोवरून सून करणं, असं पुटपुटत होत्या.

परत येताना मी विचारलं, "अगदीच काही नाही?"

"टेनिसचा चेंडू हुंगल्यासारखं वाटलं." थोडं चालून म्हणाल्या, "मानसला तुम्ही काही सांगू नका. मीच सांगेन. पण आधी कॉबलर करणार. या घरातला शेवटचा आहे, नीट करू दे."

घरी गेल्यावर त्यांनी बाटल्यांचा व्यायाम केला. मुदत संपली होती, तरी केला.

मानसची रजा ऑफिसने पुढे ढकलली. तो येईपर्यंत आडू टोपलीत राहिले. फ्रिजमध्ये ठेवले तर चव मरते म्हणून ठेवले नाहीत. दिल्लीचा जून, लूचं गरम वारं सुटलेलं, फळं भराभर उतरली. मी म्हणालो, दुसरे आणू. त्या म्हणाल्या, वाया घालवायला आणले नव्हते. डाग काढले, चांगलं तेवढं ठेवलं.

मानस सकाळी आला आणि दुपारी त्या कामाला लागल्या. सोलणं झालं. फोडी झाल्या. साखर, लिंबू, दालचिनी, चमचाभर मैदा. फळ जास्त पिकलेलं, फोडींना लगेच रस सुटला. मग वरचा थर. लोणी घट्ट हवं आणि मैद्यात बोटांच्या टोकांनीच मोडायचं. तळवा लागला की उबेने वितळतं आणि थर दगडासारखा होतो. त्यांची बोटं आता सांध्यांत सुजलेली आहेत. मध्ये मध्ये थांबून बोटं गार पाण्यात बुडवायच्या, पुसायच्या, पुन्हा सुरू. मानसने मिक्सर पुढे केला. त्यांनी त्याच्याकडे नुसतं पाहिलं. मिक्सर परत कपाटात गेला.

पीठ चमच्याने गोळे गोळे सोडलं, मध्ये फटी ठेवून, वाफ निघायला. ट्रेचा काठ दोन बोटं मोकळा ठेवला. नेहमी ठेवतात तेवढाच.

"आई, वास येतोय?" मानसने विचारलं. त्याने विचारायची वाट इतका वेळ आम्ही दोघंही पाहत होतो.

"नाही," त्या म्हणाल्या. "फळाचा नाही. दालचिनीचाही नाही. तुझं खरं झालं."

 मानसने ट्रे उचलला. त्याचं तोंड जिंकलेल्या माणसाचं नव्हतं. लहानपणी क्वार्टरच्या अंगणात आईच्या फुलझाडावर चेंडू मारल्यावर व्हायचं तसं झालं असणार, असं मला वाटलं. मी तेव्हा त्याला पाहिलेलं नाही, पण तोंडं फार बदलत नाहीत.

रिक्षाने बाजारात गेलो. यामीनभाईंनी ट्रे पाहिला. "आ गया आंटीवाला हलवा।"

"हलवा नहीं है, भैया."

त्यांनी मान डोलावली आणि लांब लाकडी फावड्याने ट्रे आत सारला. आम्ही तिघं बाहेरच्या बाकावर बसलो. बाकामागे बेकरी, पुढे रस्ता, मध्ये नाला. नाल्याचं पाणी त्या उन्हात काळं, जाड झालेलं. मला वास येत नाही, म्हणून मला तिथे बसवतं. मानसने रुमाल नाकाला लावला. त्याचा फोन वाजला आणि तो रुमाल तसाच धरून पार रस्त्यापलीकडे गेला. पॅकर्सवाल्यांचा फोन असावा. "नहीं, फ्रिज नहीं जाएगा, सिर्फ अलमारी," एवढं ऐकू आलं.

लतिकाताईंनाही ते ऐकू आलं. त्या कपाटात राजाभाऊंचे शर्ट आहेत.

"फ्रिज तुम्ही घ्या," त्या मला म्हणाल्या.

"आमच्याकडे आहे."

"मग चर्चला देईन." त्या हातांची बोटं चोळत होत्या. "अलकाला सांगा..." आणि थांबल्या.

"काय सांगू?"

"राहू दे. मीच सांगेन."

तेवढ्यात एक बाई नानकटाईचे दोन ट्रे घेऊन आली. यामीनभाईंनी भट्टी उघडली, आमचा ट्रे मागे ढकलला, तिचे पुढे लावले, दार लावलं. आम्ही बसलो. लू वाहत होती. रस्त्यावरून ई-रिक्षा जात होत्या. लतिकाताई नाकपुडी चोळायला लागल्या. मला वाटलं, धूळ गेली. त्यांनी मान वळवली, पुन्हा वळवली, कोणी हाक मारल्यासारखी.

"बळवंतभाऊ, काहीतरी करपतंय."

मी भट्टीकडे पाहिलं. दार बंद. धूर नाही.

"कुठे?"

"मला काय माहीत कुठे! करपतंय." त्या उठल्या. "साखर. साखर करपतेय. भैया! भैया, खोलिए!"

"अभी टैम है, आंटी। अभी तो डाला है।"

"जल रहा है! मैं बोल रही हूँ, जल रहा है!"

आत काम करणारे दोघे हसले. यामीनभाईंनी हात पुसले, सावकाश आले. त्यांना दिवसभर सगळेच वास असतात, त्यांचं नाक ते कशाला वापरतील. त्यांनी दार ओढलं.

आतून धुराचा लोट आला. तो मला दिसला. रस काठावरून उतू जाऊन विटांवर सांडला होता आणि तापलेल्या विटांवर काळा होऊन फुगत होता. मागच्या भिंतीकडचा ट्रेचा कोपरा काळा पडायला लागला होता. यामीनभाईंनी शिवी देत फावडं घातलं, ट्रे ओढला आणि दाराशी टेकवला.

"अरे, ये तो सच में जल गया। आंटी को बाहर बैठे पता चल गया, हमें नहीं चला।"

लतिकाताई ट्रेवर वाकल्या होत्या. चटका बसेल म्हणून मी त्यांचा हात धरला. त्या श्वास ओढत होत्या. नुसत्या ओढत होत्या. खोकला आला, तरी पुन्हा ओढला.

"येतोय," त्या म्हणाल्या. "भाऊ, येतोय मला." डोळ्यांतून पाणी येत होतं. धुराने येत होतं की कशाने, मी विचारलं नाही. मग त्या बाकाकडे वळल्या, नाल्याजवळ गेल्या, आणि थबकल्या. तोंड वाकडं केलं. "ई! हा नाला इतका घाण आहे? आणि तुम्ही मला इथे बसवलंत?"

जन्मात कोणी नाल्याला इतक्या आनंदाने नावं ठेवली नसतील.

मानस रस्ता ओलांडून आला. यामीनभाईंनीच त्याला सांगितलं, हातवारे करून. त्याने आईकडे पाहिलं. आनंद झालेला दिसत होता, पण तो इंजिनियर आहे.

"आई, तू दर वर्षी करतेस. टाइम तुला पाठ आहे. अंदाज लागला असेल."

"मग अंदाजाने मी इतके महिने का नाही ओरडले?"

"मी खोटं म्हणत नाही गं. फक्त, पक्कं करायला हवं ना."

"कर पक्कं," त्या म्हणाल्या. "घरी चल. खाली अलकाकडे गॅस आहे."

यामीनभाईंनी बाकीचा भाग पुढे ठेवून भाजून दिला. वरचा थर तांबूस झाला. काळा कोपरा काळाच राहिला.

आम्ही थेट आमच्या दारात गेलो. जानेवारीनंतर लतिकाताई पहिल्यांदा आमच्या घरात पाऊल टाकत होत्या. अलकाने दार उघडलं, तिघांकडे पाहिलं, धुराने माखलेला ट्रे पाहिला.

"काय झालं?"

"अलका," लतिकाताई म्हणाल्या, "मला गॅसचा वास दे."

मी सगळं सांगितलं. अलकाने ऐकून घेतलं. तिने खिडकी सताड उघडली, देवघरातला दिवा विझलाय का पाहिलं, सगळ्यांना ओट्यापासून मागे सारलं. लतिकाताईंना पाठमोरं उभं केलं. तोंड भिंतीकडे.

"वास आला तर सांगायचं. नाही आला तर नाही म्हणायचं. मला बरं वाटावं म्हणून काही म्हणायचं नाही."

"तुला बरं वाटावं म्हणून मी कधी काही म्हटलंय?"

"तेही खरंच."

अलकाने शेगडीचं बटण फिरवलं. खट् असा आवाज झाला. आम्ही थांबलो. मानस आईच्या पाठीकडे पाहत होता.

लतिकाताई श्वास घेत होत्या. खांदे वर, खाली. पुन्हा वर. मग हळू म्हणाल्या, "नाही. नाही येत."

मानसने डोळे मिटले. मीही खाली पाहिलं. फरशीवरचा एक डाग इतका नीट मी कधी पाहिला नव्हता.

अलका मात्र जागची हलली नाही. तिने ओठांवर बोट ठेवलं आणि खाली वाकली. सिलिंडरचा रेग्युलेटर बंद होता. तो तिने मुद्दामच बंद ठेवला होता. आवाज ऐकून हो म्हणतात का, ते तिला पाहायचं होतं. आता तिने तो अलगद उघडला. या वेळी काही आवाज झाला नाही. बटण आधीच फिरवलेलं होतं.

दोन श्वास झाले असतील.

"आला," लतिकाताई म्हणाल्या. "आला! बंद कर, बंद कर बाई, सगळ्यांना मारशील!"

अलकाने दोन्ही बंद केलं. कमरेवर हात ठेवून म्हणाली, "आता कसं कळलं? मघाशी का नाही?"

"मघाशी नव्हताच!"

"नव्हताच," अलका म्हणाली, आणि तिचं तोंड वाकडं व्हायला लागलं. "रेग्युलेटर बंद होता, ताई. नव्हताच तो."

लतिकाताई वळल्या. क्षणभर त्यांना कळलं नाही. मग कळलं.

"तू मला फसवलंस?"

"पक्कं केलं."

"जानेवारीतही असंच पक्कं केलंस आणि फोन लावलास."

"लावला. पुन्हा लावेन. मानस, आताच लावू का तुला, समोर उभा आहेस तरी?"

मानस हसायला लागला. हसता हसता ओट्याला टेकला. इतका वेळ त्याने पाठीवर काहीतरी वाहिलं असावं, तसा टेकला. आईला तिच्या घरातून उचलून नेणारा मुलगा व्हायची त्याच्यावरची वेळ टळली होती.

अलका एवढ्यावर थांबणारी नव्हती. फाटलेलं दूध बाहेर मोरीजवळ ठेवलेलं होतं, ते आणलं. लतिकाताईंनी वाटीवर झुकून लगेच मान मागे घेतली. कॉफी पावडर आणली तर नाही ओळखली. साबण नाही. हिंगाला म्हणाल्या, "काहीतरी घाण आहे, नाव सांगता येत नाही." आडूची सोललेली एक फोड वर उरली होती, मानसने ती आणली, तीही हुंगली. बराच वेळ हुंगली.

"नाही," त्या म्हणाल्या.

मानस म्हणाला, "आई, टेक्निकली, शर्त आडूची होती."

"करपला तो कोण होता? बटाटा?"

"पण ताज्या आडूचा वास..."

"ताज्या आडूचा वास नसला म्हणून कोणी मरत नाही, मानस. करपलेलं कळतं, नासलेलं कळतं, गॅस कळतो. एकटीला राहायला हेच तीन लागतात. गुलाब नंतर बघू."

 डॉक्टरांना फोन केला. ते म्हणाले, कधी कधी उग्र वास आधी येतात, बाकीचे मागून, व्यायाम चालू ठेवा, थोडे दिवस कोणीतरी लक्ष ठेवा. मानसने परत पॅकर्सवाल्यांना लावला. "कैंसल, भैया. हाँ, अलमारी भी. सब कैंसल." तिकीट त्याने एकच ठेवलं. मात्र वरच्या घरात धुराचं आणि गॅसचं दोन्ही यंत्रं लावून गेला, गॅस नाही तरी. लतिकाताईंनी लावू दिली. फ्रिजमधल्या प्रत्येक डब्यावर तारीख लिहायचं कबूल केलं. आणि अलका रोज सकाळी वर जाऊन फ्रिज उघडून हुंगणार, हेही. कबूल करताना म्हणाल्या, "माझ्या घरात दुसऱ्याचं नाक!" पण किल्ली दिली.

हे सगळं संध्याकाळी ठरत होतं तोवर ट्रे आमच्या जेवणाच्या टेबलावर निवत होता. अलकाने जिन्यातल्या घरांसाठी वाट्या काढल्या. लतिकाताईंनी सुरी हातात घेतली. कॉबलर कापताना वरचा थर दाबायचा नाही, सुरी सरळ खाली, मग चमचा तळापर्यंत, म्हणजे फळ आणि थर एकत्र उचलतात. तसं त्यांनी एकेक वाढलं. मला दिलं. मानसला दिलं. अलकाला मधला भाग दिला, सगळ्यात तांबूस, आणि वर रस ओतला. अलकाने वाटीकडे पाहिलं, त्यांच्याकडे पाहिलं.  तिने पहिला घास घेतला आणि पुन्हा चमचा भरला.

शेवटी उरला काळा कोपरा. अलका तो खरवडून टाकायला निघाली.

"ठेव," लतिकाताई म्हणाल्या. "तो माझा."

"अहो, कडू असेल."

"असू दे."

त्यांनी कोपरा आपल्या बशीत घेतला. तोडला. नाकाशी नेला, मग तोंडात घातला आणि सावकाश चावला. दिवाळीपासून त्या जेवत होत्या ते पोटात ढकलत होत्या. आता चावत होत्या.

"कडू आहे?" मानसने विचारलं.

"कडूच आहे," त्या म्हणाल्या, आणि दुसरा तुकडा तोडला.